माझ्या घरी उतरणारी सवतबाई

सवतबाई कुणाच्याही घरचं पाणी आधी स्वतः प्यायची नाही. पेला हातात घ्यायची, उजेडाकडे धरून आत बघायची, वास घ्यायची आणि देणाऱ्याच्याच पुढे धरायची. म्हणायची, "आधी तू पे." देणाऱ्याने एक घोट घेतला की थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. मग पेला वर धरून, ओठ न लावता, गटगट पिऊन टाकायची. पाणी असो, चहा असो, ताक असो, सगळ्याला हीच रीत. पोलीसपाटलाच्या घरच्या चहालाही तिने तसंच केलं होतं. पाटलीणबाई वर्षभर ते बोलून दाखवत होत्या.

तिचं खरं नाव नाटक कंपनीच्या पोस्टरवर छापलेलं असायचं, पण त्या नावाने तिला कोणी ओळखत नव्हतं. नाटक कोणतंही असो, ती त्यात सवत असायची. भरल्या घरात शिरणारी, पहिल्या बायकोला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढणारी. सिंदेवाहीपासून वडशापर्यंत लहान पोरंसुद्धा तिला सवतबाईच म्हणायची. दर हिवाळ्यात एक दिवस ती माझ्या घरी उतरायची.

आमच्याकडे धान निघालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक असतंच. कंपनीची गाडी वडशाहून दुपारी येते. पुरुष नट शाळेच्या खोलीत झोपतात. बायांना मात्र गावातल्या कुणाच्या तरी घरी उतरवायची पद्धत आहे. आमचे हे नाट्यमंडळाचे सचिव, म्हणून ते काम आमच्या घराकडे आलं. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. हापशीवर बाया म्हणाल्या, "सवत म्हणे तुह्याच घरी उतरून राह्यली. नवऱ्याले बांधून ठेवजो वं." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. घरी येऊन पितळेची दोन भांडी आणि माझ्या लग्नाचा शालू सासूबाईंच्या पेटीत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

ती आली तेव्हा उन्हातही तिच्या गळ्याला मफलर गुंडाळलेला होता. हातात लोखंडी पेटी. मी पाय धुवायला पाणी दिलं तर पाय धुतले नाहीत, आधी खोली बघितली. दाराची कडी दोनदा लावून काढून बघितली. खाटेखाली वाकली. धानाच्या ढोलीमागे हात घालून बघितला. खिडकीची कडी तुटलेली होती, तिथे कुंच्याची काडी अडकवली. मी दारात उभी राहून सगळं बघत होते. मला वाटलं, हिला माझं घर चोराचं वाटतं की काय? मग मी पाणी दिलं आणि ती म्हणाली, "आधी तू पे."

"मी उष्टं करू?"

"कर. मले उष्ट्याचा विटाळ नाई. दुसऱ्या गोष्टीचा आहे."

मी रागाने अर्धा पेला पिऊन टाकला. उरलेला तिने घेतला, आणि दार लावून झोपली.

मी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीवर डोळा ठेवून बसले होते. हे त्या खोलीपुढून दोनदा गेले. एकदा खुर्ची आणायला आणि एकदा उगाच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा खोलीचं दार एकदम उघडलं आणि सवतबाई थेट माझ्या फटीकडे बघून म्हणाली, "बाहेर ये वं पोट्टी. कंबर दुखन तुही." मी लाजेने मेले. बाहेर आले तर म्हणते, "नवऱ्यावर पहारा देऊन राह्यली ना? दे, चांगलंच आहे. पन असा नवरा कोनी घरपोच आनून दिला तरी मी घेत नाई. एक होता, त्यालेच टाकून आली." हे अंगणातच उभे होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तो टाकलेला नवरा हा तिच्या बोलण्यातला ठरलेला विषय होता. नाटकात काम करायला त्याची ना नव्हती, पण गाडी दारात आली की त्याच्या मनात काही तरी यायचं. गाडीत ड्रायव्हरशेजारी कोण बसतं, नाटकात हात कोण धरतो, सगळं विचारायचा. एका दिवशी त्याने तिला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन शेतावर गेला. "खेळ होता आमचा. मी खाटेवर खाट ठेवली, छपराचे कवेलू काढले आन् वरून निघाली. दारातून गेली असती तं परत दारातून आली असती. वरून गेली, मंग परत जाचा रस्ताच कुठी होता?" हे सांगताना ती मोठ्याने हसायची. तेव्हा तिचं तोंड पूर्ण उघडायचं, मागच्या दाढा दिसायच्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

नाटकातल्या तिच्या कामाबद्दल मला काय सांगता येणार? मी बायांच्या बाजूला मागे बसून बघायची. ती पहिल्या बायकोला बाहेर काढायची तेव्हा आमच्या शेजारची गिरजाआजी उभी राहून शिव्या द्यायची. एका वर्षी आजीने चप्पल फेकली, ती पेटीमास्तराच्या डोक्यावर पडली. सकाळी सवतबाई हापशीवर दात घासायला गेली तर बायांनी तिला जागा दिली नाही. ती माझ्याकडे येऊन खुशीत सांगते, "मले पानी भरू नाई देत! शिव्या पडल्या म्हणजे आपलं काम झालं. टाळ्या तं येड्या-बयताडालेबी पडतात." तीच गिरजाआजी दुपारी तिच्यासाठी पोह्याचा चिवडा घेऊन आली. सवतबाईने तिलाही म्हटलं, "आधी तुमी खा, आजी." आजी म्हणाली, "मले दात नाईत, माय." मग तो चिवडा तसाच राहिला. शेवटी कोंबड्यांना गेला.

ती असं का करते, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. खेळाच्या दिवशी दुपारी ती खोलीत दार लावून गळा मोकळा करायची. मी भिंतीपलीकडे तांदूळ निवडत बसायची. तिचा आवाज जाड होता, पण त्याला खाली ओल होती. भरलेल्या बोडीत, गावतळ्यात, दगड पडावा तसा तो खोलातून यायचा. त्या दिवशी ती मधेच थांबली आणि दार उघडून म्हणाली, "ऐकून राह्यली ना? ऐक. पन कोनाले सांगू नको, मी कोनत्या वेळी गाते." मग सांगितलं. तरुणपणी ती नायिका होती. एका गावी कुणीतरी चहा दिला. तिने घेतला. दुसऱ्या दिवशी आवाज बसला आणि अख्खा हिवाळा आला नाही. गाणाऱ्या माणसाला शेंदूर चारला की गळा जातो, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. तिची खात्री होती की तिला चारलाच. कुणी, ते तिला कधी कळलं नाही. म्हणून सगळ्यांवर संशय. एक हिवाळा ती रिकामी बसली, तेवढ्यात नायिकेचं काम दुसरीकडे गेलं. परत आली ती सवत म्हणून. "हा गळा आहे तवर मी आहे," ती म्हणाली. "गळा गेला का मी कोन? कवेलूतून पळालेली एक बाई."

खरं सांगायचं तर माझा त्या गोष्टीवर पूर्ण विश्वास बसला नव्हता. थंडीने, जागरणानेही आवाज बसतो. पण मी बोलले नाही. मी कुठे काही बोलते!

एवढी संशयी बाई एका गोष्टीत मात्र बिनधास्त होती, ती म्हणजे खर्रा. आमच्या भागात खर्रा कोण खात नाही? सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचा आणि पाटीवर घासून घासून ओलसर करायचा, त्याला घोटणं म्हणतात. पानठेल्यावर तयार मिळतो, पण सवतबाई ठेल्यावरचा घेत नसे. "त्याच्या पन्नीत काय आहे कोनाले मालूम?" सुपारी तिची, तंबाखू तिची, घोटायचीही स्वतःच. खेळाआधी एक, खेळानंतर एक, आणि मधे जीव घाबरला की एक. तोंडात ठेवलं की तिच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या.

एका वर्षी ती आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. कुठल्याशा गावच्या स्टेजवरून उतरताना पडली होती. हात गळ्यात अडकवून सवतीचं काम करणार होती. म्हणे, "एका हातानंबी हाकलता येते तिले." दुपारी तिने मला हाक मारली. पेटीतून सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.

"हात धू."

मी धुऊन आले.

"आता घोट. माह्यासमोर."

मी घोटला. मला येत नव्हतं, तिने शिकवलं. पन्नी अशी धर, जोर खालून दे. खर्रा तयार झाला. ती आता मला आधी खायला लावणार म्हणून मी घाबरले होते, कारण तंबाखूने मला चक्कर येते. पण तिने सरळ चिमूट उचलली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "तुह्या हातचं चालते मले," म्हणाली.

मला किती आनंद झाला, काय सांगू. अख्ख्या भागात ज्या बाईने देणाऱ्याला आधी पाजल्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेतलं नाही, तिला माझ्या हातचं चाललं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत कधी बोलले नाही, मला कुणी कशात निवडलं नाही. हापशीवर मी त्या दिवशी जरा ताठ चालले असेन. पुढच्या वर्षी तिचा हात बरा झाला होता, तरी घोटायला तिने मलाच सांगितलं. मग मी जास्तीचा घोटून लहान लहान पुड्या बांधून देऊ लागले. हे वडशाला मंडळाच्या कामाने जायचे, तेव्हा त्यांच्याबरोबर पाठवू लागले. सासूबाई म्हणायच्या, "जगात पहिलीच पाह्यली, सवतीले खर्रा पुरवणारी." मी ऐकून घेत असे. मनात गोड वाटत असे.

तिच्या तोंडाचं दुखणं कधी सुरू झालं, ते नक्की सांगता येत नाही. एका वर्षी जेवताना तिने ताट सरकवलं. "भाजीत काय टाकलं?"

"काही नाही बाई, नेहमीचंच तिखट."

"मंग तोंड काऊन जळून राह्यलं माहं?" माझी लहान मुलगी शेजारी बसून तीच भाजी खात होती. सवतबाईने तिच्याकडे बघितलं, भाजीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई उठून आत गेल्या. मला तिचा राग आला. वाटलं, म्हातारपण येतंय, आवाज उतरतोय, आणि ही दोष आमच्या भाजीला देते. पुढच्या वर्षी ती भाताचा घास लहान करून दोन बोटांनी आत ढकलत होती. नाटकातलं तिचं वरच्या पट्टीचं गाणं गेलं, खालच्या पट्टीचं आलं. हसताना हात तोंडावर ठेवू लागली. त्या वर्षी कंपनीत एक नवीन पोट्टी आली होती, हसरी, उंच. सवतबाई माझ्या कानात म्हणाली, "ते पोट्टी मले सारखी चहा विचारत राह्यते. काऊन विचारते?"

"चांगली असेल."

"चांगली मानसं सारखी नाई विचारत."

त्यानंतरच्या हिवाळ्यात खेळाच्या दुपारी कंपनीवाला त्या पोट्टीला घेऊन आमच्या अंगणात आला. खाली बघतच बोलला. "बाई, आज सवत ही करन. तुमी सासूचं काम करा. दोनच वाक्यं आहेत."

सवतबाई खाटेवरून उठली. "काऊन?"

"मागच्या तीन खेळात तुमचं बोलणं मागं बसलेल्याले समजलं नाई, बाई. लोकं शिट्ट्या मारून राह्यले. मले गावाले तोंड दाखवा लागते."

"माहं बोलणं समजत नाई?"

"मंग आता बोलून दाखवा. ते 'निघ माझ्या घरातून' म्हणता ना, तेच. इथीच म्हणा. जमलं तं काम तुमचंच."

अंगणात तोवर शेजारपाजार जमला होता. कुंपणावरून गिरजाआजी बघत होती. सवतबाईने पदर खोचला, हात उगारला. जे वाक्य तिने हजार वेळा म्हटलं असेल, ते म्हणायला तोंड उघडलं. ते अर्धंसुद्धा उघडलं नाही. आवाज आत गोळा झाला आणि दातांतून कसाबसा बाहेर आला. मीच समोर उभी होते, मलासुद्धा शब्द नीट कळले नाहीत. गिरजाआजी कुंपणावरून म्हणाली, "अवो, मोठ्यानं म्हण ना माय." तिच्या मनात काही नव्हतं. पण सवतबाईचा हात तसाच खाली आला.

मग ती त्या पोट्टीवर तुटून पडली. "तूच चारलं मले! चहातून चारलं!" पोट्टी रडायला लागली. "माय शप्पथ, मी काईच नाई चारलं. तुमी माहा चहा कधी पेलाच नाई." ते खरंच होतं. सवतबाई तिच्यापासून बाजूला झाली. मग तिने आमच्या घराकडे नजर वळवली. सासूबाईंकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, गिरजाआजीकडे बघितलं. माझ्यावर नजर आली तेव्हा म्हणाली, "ही नाई. हिच्यावर माहा संशय नाई." सगळ्यांसमोर म्हणाली. मला रडू आलं, ते भरून येऊन.

त्या रात्री सवतीचं काम पोट्टीने केलं. सकाळी कंपनी पुढच्या गावी गेली. सवतबाई गेली नाही. मला म्हणाली, "चाल माह्यासंगं चंद्रपूरले. डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घेतो, का मले कोनीतरी चारलं म्हणून. तू साक्षीदार." मी त्याआधी चंद्रपूरला दोनदाच गेले होते. तरी गेले.

डॉक्टरीण तरुण होती. तिने तोंड उघडायला सांगितलं आणि तीन बोटं उभी धरून आत जातात का ते बघितलं. एकच गेलं. टॉर्च मारून गाल आतून तपासला. तो पांढरा पडला होता, असं तिने मलाही दाखवलं. "कधीपासून खर्रा खाता?"

"ते सोड बाई. मले काय चारलं, ते लिहून दे."

"कुणी काही चारलेलं नाही. खर्र्याने गाल आतून आखडले आहेत. सोडला नाही तर उरलंय तेवढंही बंद होईल. पुढे जाऊन याचा कॅन्सरही होतो."

"खर्रा तं सारेच खातात. आन् मी बाजारातला खात नाई. मी कोनाच्या हातचं पानीबी पेत नाई. फक्त हिच्या हातचा खर्रा खातो. इचारा हिले."

डॉक्टरीण माझ्याकडे बघू लागली. मी जमिनीकडे बघत होते. खरं कारण काय, ते सवतबाईच्याच तोंडून आपसूक निघालं होतं, आणि निघाल्यावर तिने स्वतःच ते ऐकलं. त्यानंतर तिने चिठ्ठीचं नाव काढलं नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मूल गावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता.

"तू खात नाई खर्रा?"

"नाही."

"काऊन?"

"मला चक्कर येते."

"आन् मले देत होती."

तिने मागितला म्हणून दिला, सगळेच खातात, मला काय ठाऊक, असं सगळं मनात येत होतं. पण मला चक्कर येते हे मला ठाऊक होतं. आणि तिला ठेल्यावरच्यापेक्षा माझा आवडतो याची हाव मला होती, हेही ठाऊक होतं. ती सिंदेवाहीला उतरली. तिथून परस्पर वडशाच्या गाडीत बसली.

पुढच्या हिवाळ्यात मला वाटलं, ती येणार नाही. आलीच तर पाटलांच्या घरी उतरेल. मी खोली सारवून ठेवली, पण आशा ठेवली नाही. गाडी आली आणि ती लोखंडी पेटी घेऊन सरळ आमच्या अंगणात आली. नेहमीसारखी कडी तपासली. खाटेखाली बघितलं. मी सुपारी-तंबाखू घरातूनच काढून टाकली होती, ते तिने न विचारता ओळखलं असावं. "सोडला," म्हणाली. "चार महिने डोकं फुटून राह्यलं होतं. कुत्र्यावानी भुकत होती मी लोकांवर. पन सोडला."

आता पेटीतून ती कुल्फीच्या काड्यांची जुडी काढायची. डॉक्टरिणीने सांगितलं होतं. काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आणि जमेल तशी एक-एक वाढवायची, म्हणजे तोंड थोडं थोडं उघडतं. दुखायचं फार. डोळ्यांतून पाणी यायचं, पण ती काड्या काढायची नाही. पेटीवर बसून, तोंडात काड्या धरून, भिंतीकडे बघत राहायची. माझी मुलगी विचारायची, "आज किती?" ती बोटं दाखवायची. कधी कधी एक बोट जास्त दाखवायची. मुलगी मोजून पकडायची. मग तोंडातल्या काड्यांसकट ती तिच्या पाठीत धपाटा घालायची.

कंपनीने तिला काढलं नव्हतं. ती प्रॉम्प्टर झाली होती. आमच्याकडचे नट रोज बदलणाऱ्या नाटकांनी गांगरलेले असतात, आज एका गावी एक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं. पडद्याआडून वाक्य देणारा माणूस चांगला नसेल तर खेळ बुडतो. त्याला हळू बोलावं लागतं, तोंड मोठं उघडावं लागत नाही. ती म्हणाली, "दुसऱ्या प्रॉम्प्टरले वाटते, नटाले आठवन. मले कोनाचाच भरोसा नाई. हा इथी विसरणार, असं मले पयलेच दिसते." खरंच, नटाची मान जरा वळायच्या आत तिचं वाक्य पोचलेलं असायचं. गिरजाआजीला कमी ऐकू यायचं म्हणून ती स्टेजच्या कडेला बसायची. तिला पडद्याआडून सवतीची वाक्यं आधी ऐकू यायची, म्हणून ती पडद्यालाच शिव्या द्यायची.

मला एक संशय होता. नाटकाची वही तिच्या मांडीवर असायची, पण पानं उलटत नसत. एका दुपारी तिने नव्या नाटकाची वही माझ्यापुढे टाकली. "वाच." मला सगळं कळलं. तिला वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं ती दुसऱ्याकडून ऐकूनच पाठ करत होती, तेही सगळ्यांची कामं. कंपनीवाल्याला हे ठाऊक नव्हतं. "कोनाले सांगशीन तं पाहून घे," म्हणाली. मी शब्दांखाली बोट धरून हळूहळू वाचू लागले. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मधेच म्हणाली, "थांब. इथी काई सोडलं तू."

"नाही बाई."

"सोडलं. तो एवढा चिडला, तं तिनं काहीतरी म्हटलं असन ना. खरं वाच."

तिथे एक शिवी होती. लाजेने मी ती गाळली होती. तिने ती मला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा म्हणाली, "भीक मागून राह्यली का? शिवी आहे ते. खालून दे." माझ्या आयुष्यात मी मोठ्याने दिलेली ती पहिली शिवी. सासूबाई अंगणातून धावत आल्या.

संध्याकाळी ती नवीन पोट्टी खोलीत आली, तालीम करायला. सवतबाईने तिला उंबऱ्यावर उभं केलं आणि "निघ माझ्या घरातून" कसं म्हणायचं ते शिकवलं. स्वतःला म्हणता येत नव्हतं, तर हाताने, मानेने, डोळ्यांनी दाखवलं. "तिच्या दंडाले धर. दंड सोडू नको. तुले लाज वाटून राह्यली, ते लोकाले दिसते." पोट्टीने चहा आणला होता. सवतबाईने कप उजेडाकडे धरला, वास घेतला आणि तिच्याच पुढे धरला. पोट्टी हसत प्यायली. तिच्याबाबतीत संशय फिटला होता, पण रीत सुटली नव्हती.

असे चार हिवाळे गेले. पाचव्या वर्षी उन्हाळ्यात वडशाहून निरोप आला की ती गेली. जिभेला गाठ झाली होती, खर्रा सोडायला उशीर झाला होता, असं हे सांगत होते. मी पुढचं ऐकलं नाही, उठून गोठ्यात गेले.

शेवटची ती भेटली ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. खेळ झाला होता, सकाळ होती, गाडी दारात उभी होती. ती पेटीवर बसून काड्या तोंडात धरून होती. त्या दिवशी काड्या बऱ्याच होत्या. तिच्या गालाच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चंद्रपूरहून आल्यापासून जे विचारायचं होतं ते मला तेव्हा एकदम विचारता आलं, कदाचित तिला उत्तर देता येणार नाही म्हणून.

"बाई, तुमच्या मनात माझ्यावर संशय आहे का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग एक-एक करून काड्या तोंडातून काढल्या, पदराला पुसल्या, जुडी बांधली. जबडा हाताने चोळला.

"आयुष्यभर साऱ्यांवर घेतला," ती म्हणाली. "तुह्यावर नाई घेतला, तेवढंच चुकलं."

तिने पेटी उचलली, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसली. काचेतून माझ्याकडे बघत होती. ती तेव्हा हसत होती, की तिचं तोंड तेवढंच उघडत होतं म्हणून मला तसं वाटलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.